ग्राहक रद्द करेपर्यंत

ठसायंत्राच्या पडद्यावरचा आकडा थोडा वेळ वरखाली झाला आणि एकाहत्तर पूर्णांक चारवर येऊन थांबला.

"नापास का गं?" खुर्चीत बसलेल्या निनाद मोहरीलनं विचारलं. त्याच्या डोक्यावर संवेदकांची जाळीदार टोपी होती. वय एकसष्ट, पण चेहऱ्यावर भाव मात्र गृहपाठ विसरलेल्या पोराचे होते.

"नापास," केतकी म्हणाली. "ब्याण्णव लागतात."

"पण मी सगळी उत्तरं खरी दिली. एकही खोटं बोललो नाही."

"म्हणूनच नापास झालास, दादा."

तिनं त्याच्या डोक्यावरची टोपी काढली. कपाळावर केसांच्या कडेकडेनं शस्त्रक्रियेचा व्रण दिसत होता. नागपूरच्या या निर्णयविज्ञान प्रयोगशाळेची ती संचालक होती, आणि समोर बसलेला माणूस निनाद मोहरील नव्हे असं ज्या यंत्रानं आत्ता सांगितलं होतं, ते तिनंच घडवलं होतं.

निनादच्या मेंदूतून लिंबाएवढी गाठ काढली त्याला नऊ महिने झाले होते. गाठ पुढच्या भागात होती, कित्येक वर्षं तिथे वाढत आलेली. शस्त्रक्रिया डॉ. सुमेध टेंभुर्णे यांनी केली होती. शुद्धीवर आल्यावर निनादनं पहिला प्रश्न परिचारिकेला विचारला, "तुम्ही जेवलात का?" बाहेर काचेशी उभ्या असलेल्या केतकीला वाटलं, आपण चुकीच्या खोलीत आलो.

कारण निनाद मोहरील असं कुणाला कधी विचारत नसे. औष्णिक वीज केंद्रातला हा अभियंता उभ्या आयुष्यात कुणावर ओरडला नव्हता, कुणावर हात उगारला नव्हता. त्याला त्याची गरजच पडली नाही. घरात कुणी कधी उठायचं, कुणी कुणाशी बोलायचं, कुणाची खोली आतून बंद होणार आणि कुणाची होणार नाही, हे तो शांत आवाजात एकदा सांगे. बायको मेधा गेली तेव्हा मुलगी ऋता दहा वर्षांची होती. त्यानंतर त्या घरात दुसरा आवाजच उरला नाही. ऋता बावीस वर्षांची असताना तिनं लग्न ठरवलं, तेव्हा निनाद मुलाच्या वडिलांना जाऊन भेटला. तासभर बोलला. लग्न मोडलं. तो काय बोलला ते कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात ऋता एका पिशवीनिशी घरातून निघून गेली.

केतकी त्याची धाकटी बहीण. पन्नाशी ओलांडली तरी त्याचा फोन आला की ती उभी राहून बोलायची.

आणि आता हा माणूस पिठलं करायला शिकला होता. कढईतलं पिठलं उकळताना फसफसतं याचंच त्याला हसू येई. बुलबुलाच्या जोडीनं गॅलरीतल्या वेलीवर घरटं बांधलं म्हणून त्यानं महिनाभर गॅलरीचं दार उघडलं नव्हतं. एकदा संध्याकाळी भाजी निवडता निवडता तो म्हणाला होता, "केतू, दहावीनंतर तुला पुण्याच्या शिबिराला जायचं होतं. पत्र आलं होतं. मी फाडलं ते." केतकीला पस्तीस वर्षं वाटत होतं की आपली निवडच झाली नाही. ती उठून आत गेली आणि नळ सोडून रडली. दुःखानं नव्हे. भाऊ नावाचं काही असतं हे तिला पहिल्यांदा कळत होतं.

* * *

"मला हे एकदा नीट समजावा," डॉ. टेंभुर्णे म्हणाले. ते प्रयोगशाळेत पहिल्यांदाच आले होते. उंच, सावकाश बोलणारे, चहात साखर चालत नसूनही दोन चमचे घालून घेणारे. "क्रेडिट कार्डाचं बिल बँकेतून आपोआप जातं. ते थांबवायचंय. त्याला मेंदूची चाचणी कशाला?"

"तुम्ही कार्डाचं बिल कसं भरता?"

"मी कुठे भरतो? जातं आपलं दर महिन्याला."

"म्हणजे तुमचीही स्वयंवळती आहे. तुमच्या खात्यातून रक्कम कार्डाकडे वळती होते. प्रत्येक वेळी तुमची संमती लागते, असा नियम आहे. ती कोण देतं?"

टेंभुर्णे विचारात पडले. "खरंच, कोण देतं?"

"तुमची छाया," केतकी म्हणाली. "पूर्वी संमती मोबाइलवर आलेल्या आकड्यानं देत. मग आवाजानं, चेहऱ्यानं, अंगठ्यानं. २०४०च्या सुमाराला या सगळ्यांच्या हुबेहूब नकला होऊ लागल्या. बायको म्हणून कुणीही बोलावं, मुलगा म्हणून कुणीही पडद्यावर दिसावं. लोकांची खाती रिकामी झाली. तेव्हा आम्ही म्हटलं, ज्याची नक्कल होत नाही असं माणसाकडे काय आहे? माणूस निर्णय कसा घेतो, ते. कुठे झटकन हो म्हणतो, कुठे अडखळतो, कशावरून अजिबात हटत नाही. सात वर्षांचे बारीकसारीक निर्णय गोळा केले की एक आकृती तयार होते. तो निर्णयठसा. त्या ठशावरून जे प्रतिरूप बनतं ते बँकेत बसतं. दर महिन्याला बँक त्याला विचारते, हे बिल भरायचं का? ते तुमच्या वतीनं उत्तर देतं. ती संमतिछाया."

"आणि तुमचे दादा?"

"दादानं आजारपणाआधी स्वयंवळती लावली. अर्जावर दोन पर्याय असतात, किमान देय किंवा एकूण देय. त्यानं एकूण देयवर खूण केली. मुदतीच्या रकान्यात लिहिलं, ग्राहक रद्द करेपर्यंत."

"मग करू द्या की रद्द. ग्राहक तर समोर बसलाय."

"ठसा म्हणतो, हा तो ग्राहक नव्हे."

टेंभुर्ण्यांनी कप खाली ठेवला. "ठसा बदलता येत नाही?"

"पहिल्या आवृत्तीत यायचा. छाया रोज शिकायची. मग ठगांनी थेंबाथेंबानं तिला वळवायला सुरुवात केली. म्हणून मीच सुचवलं, सात वर्षांनी ठसा मोहोरबंद करायचा. त्यानंतर बदल करण्याचा हक्क फक्त जुळणाऱ्या माणसाला. तो ठसा मलासुद्धा उघडता येत नाही. इथून जुळवून पाहता येतो, एक आकडा मिळतो, बस्स. रद्द करायचं तर बँकेच्या शाखेतल्या यंत्रापुढे बसून ब्याण्णव गाठावे लागतात."

"म्हणजे ज्याला रद्द करायचंय तो ग्राहक नाही, आणि जो ग्राहक आहे त्याला रद्द करायचं नाही."

"हो," केतकी म्हणाली. "बहुतेक लोक फार बदलत नाहीत, डॉक्टर. त्यामुळे पंधरा वर्षं कुणाच्या हे लक्षात आलं नाही."

"दुसऱ्या वाटा?"

तिनं त्या सगळ्या चालून पाहिल्या होत्या. कार्ड हरवलं म्हणून कळवलं, तर तीन दिवसांत नवं कार्ड जुन्या सूचनांसकट घरी आलं. खातं रिकामं करायचं, तर पैसे काढायलाही ठसाच लागे. घरखर्च केतकी स्वतःच्या खात्यातून करत होती. निनादला असमर्थ ठरवून स्वतःला पालक नेमून घ्यावं म्हणून ती वकिलाकडे गेली. त्यानं नियम दाखवला : असमर्थ ग्राहकाच्या वतीनं त्याची छाया निर्णय घेईल, कारण त्याची इच्छा तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नसते. ते वाक्य केतकीच्याच जुन्या अहवालातून उचललेलं होतं.

"एवढा आटापिटा का?" टेंभुर्ण्यांनी विचारलं. "जातात थोडे पैसे तर जाऊ द्यावेत. माणूस वाचला ना?"

"पैशांचं नाही ते," केतकी म्हणाली. "त्या कार्डावर दर महिन्याला काय घेतलं जातं, ते तुम्हाला माहीत नाही."

* * *

त्या सेवेचं नाव होतं 'आप्तशोध'. घरातून दुरावलेल्या नातलगाचा ठावठिकाणा काढून द्यायचा, एवढंच तिचं काम, आणि ते कायद्यात बसत होतं. फोन बदलला, गाव बदललं, नाव बदललं, तरी चालण्याच्या लकबीवरून, खरेदीच्या सवयींवरून ती माणसाला हुडकून काढी. त्यापुढे एक जादा सुविधा होती, प्रत्यक्ष पडताळणी. महिन्यातून एकदा एक माणूस त्या नातलगाच्या दाराशी जाई, घंटी वाजवी, दार उघडलं की फोटो काढी, नमस्कार करी आणि निघून जाई. उद्धट बोलत नसे, धमकी देत नसे. पोलिसांनी ऋताची तक्रार तीनदा परत पाठवली होती. वडील मुलीची खुशाली विचारतात, यात गुन्हा काय? ग्राहकानं सेवा बंद केली की थांबेल. पण ती थेट बंद करायची सोयच नव्हती; कार्डाचं बिल भरणं थांबलं तरच ती बंद पडे.

चार वर्षांत ऋतानं सहा घरं बदलली. सध्या ती दक्षिणेत कुठेतरी होती. केतकीनं गाव विचारलं नव्हतं.

शस्त्रक्रियेआधीची काही वर्षं निनादच्या आठवणीतून पुसली गेली होती; हे सगळं त्याला नव्यानं कळलं ते त्याच्या कपाटात फोटोंचा गठ्ठा सापडला तेव्हा. अठ्ठेचाळीस फोटो. प्रत्येकात ऋता अर्धवट उघडलेल्या दारात. सुरुवातीच्या फोटोंत ती चिडलेली दिसे. नंतरनंतरच्या फोटोंत ती कॅमेऱ्याकडे बघतही नव्हती, हात तेवढा कडीवर. निनादनं ते फोटो जमिनीवर ओळीनं मांडले आणि दुपारभर त्यांच्यासमोर बसून राहिला.

"हे मी केलं?" त्यानं विचारलं.

"हो, दादा."

"आणि अजून चालू आहे?"

केतकीनं ऋताला फोन लावला. बाबा बदललेत, खरंच बदललेत, असं सांगितलं.

"आत्या, परवाच माणूस येऊन गेला," ऋता म्हणाली. "बदललेला माणूस असं करतो का?"

"ते आता त्याच्या हातात राहिलेलं नाही, बाळ."

"ते बंद झालं की मी येईन. ज्या महिन्यात दाराशी कुणी आलं नाही, त्या महिन्यात पहिली गाडी पकडून येईन. तोवर माझ्याशी त्यांच्याबद्दल बोलू नकोस. तुला माझी शपथ."

* * *

उपाय टेंभुर्ण्यांनीच सुचवला, आणि सुचवून झाल्यावर तो आपण सुचवायला नको होता असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"नाटक चालणार नाही का?" त्यांनी आधी विचारलं होतं. "जुना निनाद काय म्हणाला असता ते पाठ करून म्हणायचं."

"यंत्र उत्तर नुसतं ऐकत नाही. नाडी, डोळ्याची बाहुली, उत्तराला लागलेला वेळ, सगळं मोजतं. नाटक करणारा माणूस एक तृतीयांश सेकंद उशीर करतो."

"म्हणजे खरंच तसं वाटायला हवं."

"हो."

टेंभुर्ण्यांनी कपाळ चोळलं. "पक्षाघाताच्या रोग्यांना आम्ही मज्जासंस्कार देतो. गेलेली सवय मेंदूच्या दुसऱ्या भागात पुन्हा रुजवायची. सौम्य विद्युतलहरी आणि तोच तोच प्रसंग शेकडो वेळा. चालण्यासाठी वापरतो, बोलण्यासाठी वापरतो. स्वभावासाठी कुणी वापरलेला नाही. पण व्हायला हरकत नाही. तुमच्याकडे त्याच्या जुन्या नोंदी आहेत?"

घरात नोंदींना तोटा नव्हता. निनादनं तीस वर्षं रोजनिशी लिहिली होती, हिशेबाच्या वहीसारखी. कुणाला काय सांगितलं, कुणी ऐकलं, कुणी ऐकलं नाही.

"नंतर परत आणता येईल?" केतकीनं विचारलं.

"रुजवलेली वाट वापरली नाही तर सहा महिन्यांत पुसट होते. त्यानं रोज तसं वागायचं नाही, एवढंच."

"आणि ब्याण्णव टक्के जुना झालेला माणूस रद्द करा म्हणेल?"

हा प्रश्न दोघांच्याही मनात होता. केतकीनंच त्याचं उत्तर दिलं, कारण आकडे तिचे होते. "आठ टक्के मोकळे राहतात. त्या आठात एक इच्छा मावायला हवी. बाकी सगळा तो जुना होऊ दे. कडक होऊ दे, तुसडा होऊ दे. ऋतापुरता एवढा एक कोपरा आपण वगळायचा. तिच्याविषयीच्या एकाही प्रसंगाचा संस्कार द्यायचा नाही."

निनादला सगळं स्पष्ट सांगितलं. तो शेंगा सोलत होता. ऐकून घेतल्यावर त्यानं टरफलं एका कागदात गोळा केली.

"मी परत तसा राहिलो तरी चालेल," तो म्हणाला. "ती सुटली पाहिजे. तेवढा एक शब्द बोलण्यापुरता मला त्याच्यात शिल्लक ठेव, केतू."

* * *

पहिल्या महिन्यात आकडा शहात्तरवर गेला. केतकी रोजनिशीतला एकेक प्रसंग वाचून दाखवी, लहरी सुरू होत, आणि निनाद तो प्रसंग पुन्हा पुन्हा जगे. हाताखालच्या माणसानं रजा मागितली. शेजाऱ्यानं गाडी आपल्या जागेत लावली. मेधानं न विचारता माहेरी फोन केला. सुरुवातीला तो प्रत्येक प्रसंगानंतर म्हणे, "बिचारी." मग नुसता मान हलवू लागला. मग तेही बंद झालं.

प्रत्येक सत्राच्या शेवटी केतकी एकच प्रश्न विचारी. "स्वयंवळती रद्द करायची?"

"हो." प्रश्न संपायच्या आत उत्तर येई.

ऐंशी ओलांडल्यावर घरातले टॉवेल कडेला कड लावून घडी घातलेले दिसू लागले. चौऱ्याऐंशीला त्यानं पिठल्याची कढई स्वयंपाकाच्या बाईंकडे दिली आणि सांगितलं की हे बायकांचं काम आहे. पंच्याऐंशीला गॅलरीतली वेल कापली. केतकी संध्याकाळी आली तेव्हा गॅलरी धुऊन स्वच्छ केलेली होती.

"दादा, घरटं होतं तिथे."

"घाण होत होती."

त्या दिवशी तिनं टेंभुर्ण्यांना फोन केला. "मला थांबायचंय."

"थांबा," ते म्हणाले. "मी तर सुरूच करायला नको होतं. फक्त त्याला विचारा."

तिनं विचारलं. निनाद ताठ बसून वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं ते खाली ठेवलं, डोळे मिटले, आणि मोठ्या ओझ्याखालून बोलावं तसा बोलला. "केतू, थांबू नकोस. कशासाठी चाललंय ते मला अजून आठवतं. पण रोज थोडं शोधावं लागतं. लवकर कर."

म्हणून तिनं घाई केली. आठवड्याला तीन सत्रं होती ती पाच केली.

अठ्ठ्याऐंशीला तिच्या एक गोष्ट लक्षात आली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अजून 'हो' असंच येत होतं, पण यायला सव्वा सेकंद लागत होता. नव्वदला दोन सेकंद. जिनं जन्मभर माणसांच्या उत्तराला लागणारा वेळ मोजला, तिला याचा अर्थ कळत नव्हता असं म्हणता येणार नाही. तिनं तो टेंभुर्ण्यांना सांगितला.

"अजून हो म्हणतोय ना?"

"म्हणतोय."

"मग उद्याच न्या."

पण दुसऱ्या दिवशी आकडा एक्क्याण्णवलाच होता, तिसऱ्या दिवशी एक्क्याण्णव पूर्णांक तीन. एका संध्याकाळी खोलीत बसून तिनं ऋताशी बोलून फोन ठेवला, तर निनाद दारात उभा होता.

"कुणाशी बोलत होतीस?" शांत आवाज. तोच.

केतकी नकळत उठून उभी राहिली.

* * *

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत जुळणी एक्क्याण्णव पूर्णांक सहा आली. "रद्द करायची?" केतकीनं विचारलं. चार सेकंद गेले. निनादच्या कपाळावर घाम आला. "हो," तो म्हणाला. केतकीनं ते उत्तर ध्वनिमुद्रित करून ठेवलं आणि शेवटचं सत्र दिलं, अगदी थोडं, सात मिनिटांचं. तिथूनच ती त्याला गाडीत घालून धरमपेठेत सप्तधारा बँकेच्या शाखेत घेऊन गेली. ऋताला तिनं निरोप पाठवला होता : आज अकरा वाजता. फोन जवळ ठेव.

ठसाकक्षातल्या गभणे मॅडम अदबीनं वागणाऱ्या होत्या. त्यांनी निनादला खुर्ची दिली, पाणी दिलं, टोपी घातली. चाळीस प्रश्न झाले. केतकी काचेच्या अलीकडे उभी राहून पडद्याकडे बघत होती. एकोणनव्वद. एक्क्याण्णव. एक्क्याण्णव पूर्णांक नऊ. मग आकडा हिरवा झाला. ब्याण्णव पूर्णांक दोन.

"ओळख पटली," गभणे मॅडम म्हणाल्या. "नमस्कार, मोहरील साहेब. सप्तधारा बँकेत आपलं स्वागत. आपल्या विनंतीनुसार क्रेडिट कार्डाच्या एकूण देय रकमेची स्वयंवळती रद्द करायची आहे. करू?"

"नाही," निनाद म्हणाला.

उत्तराला वेळ लागला नव्हता.

"सर, विनंती रद्द करण्याचीच होती."

"विनंती माझ्या बहिणीची होती. चालू राहू द्या."

केतकीनं दार ढकललं. "दादा! ऋता. ऋतासाठी आलोय आपण. आठव. ते फोटो, जमिनीवर मांडलेले —"

"ओरडू नकोस. बँक आहे ही." त्यानं टोपी स्वतःच काढली आणि तिच्या वायरी नीट गुंडाळून टेबलावर ठेवल्या. "माझी मुलगी कुठे राहते ते मला कळायला नको? तिला कोण आहे दुसरं?"

केतकीनं सकाळचं ध्वनिमुद्रण लावलं. चार सेकंदांची शांतता आणि मग त्याचा 'हो'. गभणे मॅडमनी मन लावून ऐकलं.

"त्या वेळी जुळणी किती होती?"

"एक्क्याण्णव पूर्णांक सहा."

"मग ते आमचे ग्राहक नव्हते, मॅडम," त्या म्हणाल्या. आवाजात कणव होती, पण त्या कणवेचा काही उपयोग नव्हता.

तिथेच उभ्या उभ्या केतकीला चूक दिसली, आणि ती गणिताची साधी चूक होती. तिनं आठ टक्के मोकळे धरले होते, जणू ठसा म्हणजे शंभर सारख्या फरश्यांचा ओटा. पण ठशातले निर्णय सारख्या वजनाचे नसतात. ज्यावरून माणूस कधीच हटत नाही, त्याला सर्वांत जास्त वजन द्यायचं, हे सूत्र तिनंच लिहिलं होतं. टॉवेल, वेल, रजा, शेजारी, या सगळ्यांचं मिळून एक्क्याण्णव पूर्णांक नऊच होऊ शकत होतं. मुलीला सोडायचं नाही, हा निनाद मोहरीलचा सर्वांत जड निर्णय. तो वगळून कुणालाही ब्याण्णव गाठता आले नसते. प्रसंग दिले नाहीत म्हणून काही बिघडलं नव्हतं. बाकीचा माणूस उभा राहिल्यावर तो निर्णय त्यानं आपला आपणच घेतला.

"आणखी एक, सर," गभणे मॅडम म्हणाल्या. "आपण स्वतः हजर राहून संमती दिलीत, तेव्हा आजच्या ठशानं ही सूचना कायम होते. यापुढे दर महिन्याला छायेला विचारायची गरज नाही. सही करता?"

निनादनं सही केली. सुवाच्य, खाली एक सरळ रेघ ओढून.

"दादा, आणखी सहा महिने," पायऱ्या उतरताना केतकी म्हणाली. तिच्या आवाजात आर्जव होतं. "डॉक्टर म्हणालेत, वाट वापरली नाही तर पुसट होते. तू फक्त प्रयोगशाळेत येत राहा. आपण उलट दिशेनं —"

"ती टोपी मी पुन्हा घालणार नाही." त्यानं घड्याळ पाहिलं. "आणि तू ऋताशी बोलतेस, ते मला माहीत आहे. बोलत जा. काय बोललीस ते मला सांगत जा." मग तो तिची वाट न पाहता रिक्षाच्या थांब्याकडे चालू लागला, खांदे सरळ, पावलं मोजल्यासारखी.

केतकी बँकेच्या भिंतीशी उभी राहिली. फोन वाजला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"झालं, आत्या?" ऋताचा आवाज. चार वर्षांत तो आवाज असा कधी ऐकला नव्हता. त्यात उतावीळपणा होता. "बंद झालं?"

"नाही, बाळ."

तिनं सगळं सांगितलं. आकडे, आठ टक्के, चार सेकंद. मागे कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"खरं सांग," शेवटी ऋता म्हणाली. "ते बदलले होते, की मला बरं वाटावं म्हणून तू म्हणत होतीस?"

"बदलले होते. तुझे फोटो समोर मांडून बसले होते दुपारभर. त्यांना पिठलं करता यायचं. तुला सुटका मिळावी म्हणून त्यांनी स्वतःला परत तसं करून घेतलं."

"मी एकदा तरी यायला हवं होतं."

"हो," केतकी म्हणाली. खोटं बोलायची तिच्यात ताकद नव्हती. "सकाळपर्यंत होते ते."

पलीकडून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग चेन ओढल्याचा. "नंबर बदलला की कळवते," ऋता म्हणाली, आणि जराशानं, "नाही आत्या, नाही कळवत. ते तुला विचारतील."